रेल्वे सिम्युलेटर : स्टिअरिंगच नाही, मग हातात उरतं काय?

मोजपट्टी

परवा एका मित्राला शेजारी बसवून सिम्युलेटरच्या पडद्यावर रेल्वेगाडी चालवून दाखवली. वीस मिनिटं तो निमूट पाहत होता. मग म्हणाला, "ही रुळांवरूनच जाणार ना? मग तू नेमकं करतोयस काय?" प्रश्न खोचक नव्हता, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

आज विचाराल तर माझं उत्तर एका शब्दाचं आहे : थांबवतोय.

गाडी पळवणं कुणालाही जमतं. दांडा पुढे सरकवला की वजनदार इंजिनही निघतं. खरा खेळ स्टेशन जवळ येऊ लागलं की सुरू होतो. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं, म्हणून गाडी कमी शक्तीत पळते. पण त्याच कारणाने तिची पकडही कमी. कोरड्या रस्त्यावर टायरला जी पकड मिळते तिच्या निम्मीही चाकाला मिळत नाही, आणि रूळ ओले असले की तीही घटते.

एक साधा हिशोब मांडतो. लोकल गाडी ताशी ८० किलोमीटरने येतेय आणि ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला सेकंदी ०.७ मीटरने उतरतोय असं धरा. ती थांबायला साधारण ३५० मीटर लागतात. ताशी ४० ने येत असेल तर ८८ मीटर. वेग निम्मा, अंतर चौथाई. हे गणित शाळेत सगळ्यांनीच सोडवलेलं असतं. पण प्लॅटफॉर्मचं टोक अंगावर येत असताना ते हाताला कळणं ही फार वेगळी गोष्ट आहे. काही आठवडे खेळल्यावर एक दिवस अचानक जाणवतं, की आपण आकड्याकडे बघितलंच नव्हतं आणि ब्रेक योग्य जागी लागला.

मोटारीच्या खेळात चूक झाली की लगेच कळते, भिंत समोरच असते. इथे चूक कळते तेव्हा ती अर्धा किलोमीटर मागे राहून गेलेली असते. मला सगळ्यात जास्त बांधून ठेवतं ते हेच. सतत पुढचं बघावं लागतं.

जपानी लोकांनी हे फार लवकर ओळखलं. तैतो कंपनीचा 'डेन्शा दे गो!' १९९६ मध्ये आर्केडमध्ये आला, त्यात अख्खा खेळच वेळेवर पोचण्याचा आणि ठरलेल्या खुणेशी गाडी उभी करण्याचा. त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, 'ट्रेन सिम्युलेटर' नावाचा खेळ आला होता. त्यात इंजिनातून चित्रित केलेला खरा मार्ग समोर सरकत असे. तो बनवणारे मिनोरू मुकाइया हे कॅसिओपिआ या जपानी बँडचे तेव्हाचे कीबोर्डवादक. स्टेशनांवर गाडी सुटताना वाजणाऱ्या धूनही त्यांनी रचल्या आहेत. तालाची जाण असलेला माणूस या खेळाकडे वळला याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

तुम्ही का खेळता? आणि कधी खेळून सोडून दिला असेल तर का सोडला, हेही सांगा.

रातपाळी

अगदी मनातलं लिहिलंत. मी रात्री उशिरा खेळते. घरात आजारपण सुरू होतं त्या दिवसांत पुस्तकाचं पान पुढे सरकत नसे, सिनेमा पाहिला तरी डोकं दुसरीकडेच. गाडी मात्र चालवता यायची. पुढचा सिग्नल, पुढचं स्टेशन, एवढंच. मनाला पकडून ठेवण्याइतकं काम, आणि दमवण्याइतकं नाही. पाऊण तासाची खेप पूर्ण करून झोपायचं, असा क्रम कित्येक महिने होता. त्या मार्गावरचे सगळे पूल मला आजही ओळीने आठवतात.

सरळसोट

मी सोडून दिलेल्यांपैकी. उत्साहाने घेतला, दोन खेपा केल्या, तिसरी अर्ध्यात सोडली. सपाट प्रदेश, चाळीस मिनिटं तोच वेग, पडद्यावर पुढच्या सिग्नलचं अंतर आणि वेगमर्यादा लिहिलेली येते, ती पाळायची. अंतर शंभरावर आलं की ब्रेक. एखाद्याने सूचना वाचून दाखवाव्यात आणि मी बटणं दाबावीत, तसं वाटलं. मोजपट्टी, तुम्ही म्हणता ते 'हाताला कळणं' मला कुठेच भेटलं नाही. माझं काही चुकलं का?

मोजपट्टी

सरळसोट, चुकलं काही नाही, पण तो अंतराचा पट्टा आधी बंद करा. सगळी माहिती पडद्यावर लिहून आली तर बघण्यासारखं काही उरतच नाही.

खरे चालक मार्ग पाठ करतात. ब्रिटनमध्ये एखादा मार्ग आपल्याला येतो अशी सही चालकाला द्यावी लागते. ती नसेल तर तो मार्ग माहीत असलेला दुसरा चालक सोबत लागतो. कुठे चढ संपतो, कुठला सिग्नल वळणामुळे उशिरा दिसतो, ब्रेकसाठी कुठली खूण धरायची, हे सगळं त्यात आलं.

खेळातही तेच करा. एकच मार्ग घ्या, छोटा, दहा-बारा स्टेशनांचा. तोच तो चालवा. माझ्या एका मार्गावर चौथ्या स्टेशनाआधी डावीकडे विटांचं पडकं पंपघर आहे. त्याची सावली खिडकीवरून गेली की मी ब्रेकची पहिली पायरी लावतो. पाऊस असेल तर त्याच्याही आधीचा खांब. ते पंपघर ज्याने कुणी तिथे ठेवलं त्याने बहुधा नुसती शोभा म्हणून ठेवलं असेल. माझ्यासाठी ती रोजची खूण झाली आहे.

कोळसापाणी

विजेच्या गाड्यांवरच चर्चा चाललीये म्हणून मध्ये पडतो. वाफेचं इंजिन चालवल्याशिवाय या छंदाचा निम्मा भाग कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

विजेच्या गाडीत शक्ती मागितली की मिळते. वाफेच्या इंजिनात ती आधी तयार करून ठेवावी लागते. पुढे चढ आहे हे माहीत असेल तर तो सुरू व्हायच्या बऱ्याच आधी भट्टीत कोळसा पडलेला हवा, कारण टाकलेला कोळसा लगेच उष्णता देत नाही. टाकल्या टाकल्या उलट भट्टी जरा थंडच होते. बॉयलरमध्ये पाणी सोडायचं तर तेही तुलनेने गार, म्हणजे दाब उतरणार. चढावर दाब हवा आणि पाणीही हवं, दोन्ही एकदम मिळत नाहीत. त्यात रेग्युलेटर, म्हणजे वाफेची मुख्य झडप, किती उघडायचा आणि कटऑफ, म्हणजे पिस्टनच्या फेरीत किती भाग वाफ आत सोडायची ते प्रमाण, किती ठेवायचा हा वेगळा हिशोब. निघताना कटऑफ ७५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पिस्टनच्या बहुतेक फेरीभर वाफ आत. वेग धरला की तो २५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली आणायचा आणि आत गेलेल्या वाफेला पसरू द्यायचं. कमी केला नाही तर वाफ भसाभस वाया जाते आणि पुढच्या मैलात दाबाचा काटा खाली बसतो.

इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल मार्ग चालवून बघा. प्रवासी गाड्यांसाठी तो १८७६ मध्ये उघडला. सेटल सोडल्यावर जवळजवळ पंधरा मैल शंभराला एक, म्हणजे शंभर फुटांत एक फूट वर, असा चढ आहे. तिथले रेल्वेवाले त्याला 'लाँग ड्रॅग' म्हणत. चोवीस कमानींचा रिबलहेड पूल त्याच चढावर येतो. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये हा मार्ग होता. मी पहिल्यांदा त्यावर निघालो तो पुलाच्या अलीकडेच उभा राहिलो. दाब संपला होता. मागे गाडी, पुढे पूल, आणि भट्टी तापेपर्यंत वाट बघणं. पुढच्या वेळी स्टेशन सोडायच्या आधीच भट्टी भरली.

आता एक बारकावा, जो मला या छंदामुळेच कळला. चढ संपून उतार लागतो तेव्हा बॉयलरमधलं पाणी पुढे, धुराड्याच्या बाजूला सरकतं. काचेच्या नळीत दिसणारी पातळी एकदम खाली येते. भट्टीच्या छतावर कायम पाणी असावं लागतं, नाहीतर ते छत तापून निकामी होतं. म्हणून छतात शिशाचा गाभा असलेली एक खुंटी बसवलेली असते, पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत सुटून धोक्याची सूचना देते. म्हणजे चढाच्या माथ्यावर पोचताना, जिथे वाफ सगळ्यात जास्त खर्च झालेली असते नेमकं तिथे, पाणीही भरपूर शिल्लक हवं. त्या नळीकडे बघत माथा ओलांडताना छातीत जे होतं ते मला दुसऱ्या कुठल्याच खेळात झालेलं नाही.

तांबडापिवळा

कोळसापाणी, सुरेख प्रतिसाद. दोनदा वाचला.

माझा जीव सुरक्षा यंत्रणांमध्ये अडकलाय. प्रत्येक देशाने चालकाच्या चुकीवर स्वतःचा तोडगा काढला आणि तो शिकणं म्हणजे मला एखादी भाषा शिकण्यासारखं वाटतं. ब्रिटनमध्ये हिरव्या सिग्नलला इंजिनात घंटा वाजते. सावधानतेचा असेल तर भोंगा. दोन-तीन सेकंदांत बटण दाबून तो बंद केला नाही तर गाडी स्वतः ब्रेक लावते. बटण दाबलं की काळ्या तबकडीवर पिवळ्या पाकळ्या उमटतात, म्हणजे 'तू सावधानतेचा सिग्नल मान्य केला आहेस, विसरू नकोस'. सूर्यफूलच म्हणतात तिला.

जर्मनीत रुळाशेजारी चुंबक असतात. सावधानतेच्या सिग्नलवरून गेलात की चार सेकंदांत कळ दाबायची, आणि जलद गाडी असेल तर तेवीस सेकंदांत वेग ताशी ८५ च्या खाली. नाहीतर आणीबाणीचा ब्रेक. शिवाय पायाखाली पेडल असतं, ते दाबून ठेवायचं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत एकदा सोडून पुन्हा दाबायचं, चालक शुद्धीवर आहे हे गाडीला कळावं म्हणून. सुरुवातीला मला त्याचा जाच वाटायचा. आता पाय आपोआप हलतो. 'झुसी' हा जर्मन सिम्युलेटर या बाबतीत फार काटेकोर आहे, चित्रं साधी, पण यंत्रणेत तडजोड नाही.

जपानमध्ये चालक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात. तिथल्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९९४ मध्ये याची चाचणी घेतली. साध्या कामात शंभरामागे २.३८ चुका होत होत्या, बोट दाखवून उच्चार केल्यावर ०.३८ झाल्या. मी घरी एकटा असताना तसंच करतो. "सिग्नल हिरवा. मर्यादा पासष्ट." सरळसोट, हे नक्की करून बघा. बोलल्याने बघणं बदलतं.

पॅनेलवरून

मी गाडी चालवतच नाही, गाड्या सोडतो. 'सिमसिग' नावाचा ब्रिटिश सिग्नल केबिनचा सिम्युलेटर. ना डोंगर ना इंजिन, काळ्या पडद्यावर करड्या रेघा. मार्ग लावला की रेघ पांढरी, गाडी त्यावर आली की लाल. गाडीचं नाव म्हणजे चार अक्षरं. पहिला आकडा १ असला की जलद, २ म्हणजे साधी पॅसेंजर, ५ म्हणजे रिकामे डबे, ६ म्हणजे मालगाडी.

वरून कोरडं दिसतं, पण एक जलद गाडी चार मिनिटं उशिरा आली की बघा. तिला आधी सोडू की सांध्यापाशी वेळेवर आलेल्या पॅसेंजरला? पॅसेंजर पुढे गेली तर जलद तिच्या मागे रखडणार. थांबवली तर वेळेवर असलेल्या लोकांना उगाच उशीर, आणि पलीकडच्या जंक्शनला त्यांची जोडगाडी चुकणार. पडद्यावर फक्त चार अक्षरं आहेत, पण त्या अक्षरांत माणसं बसलेली आहेत असं मी धरून चालतो. धरलं नाही तर खेळायला मजाच नाही.

रूळअंथरणारी

माझा छंद मार्ग बनवण्याचा. ऑस्ट्रेलियाच्या ऑरन कंपनीचा 'ट्रेन्झ' २००१ मध्ये आला तेव्हापासून त्यात जमीन उचलणं, रूळ टाकणं, झाडं लावणं हेच निम्मं आकर्षण होतं.

मोजपट्टी, तुमच्या पंपघराबद्दल वाचून फार बरं वाटलं. ते शोभा म्हणून ठेवलेलं असेल असं तुम्ही म्हणता, पण मी तरी तसं ठेवत नाही. मी नकाशे, जुने फोटो समोर ठेवून काम करते. एकदा एका स्टेशनाच्या जुन्या फोटोत प्लॅटफॉर्मच्या टोकाला इंजिनात पाणी भरायचा स्तंभ दिसला, पण तो रुळाच्या कुठल्या बाजूला हे समजेना. सावलीवरून दिशा काढली, दिशेवरून बाजू. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. चालवणाऱ्याला तो स्तंभ दोन सेकंद दिसतो. पण तो चुकीच्या बाजूला असता तर मला त्या मार्गावरून गाडी नेता आली नसती.

एक दुखणंही सांगते. एका मोठ्या कंपनीच्या खेळासाठी मी बनवलेला मार्ग नव्या आवृत्तीत उघडेचना. रूळ हवेत, सिग्नल गायब. दीड वर्षाचं काम होतं. विचारलं तर ठरावीक उत्तर आलं. तेव्हापासून मी मूळ सामग्रीच्या प्रती स्वतःकडे ठेवते, आणि सगळ्यांना तेच सांगते.

म्हणूनच मला 'ओपन रेल्स'चं फार मोल वाटतं. मायक्रोसॉफ्टने आपल्या ट्रेन सिम्युलेटरच्या दुसऱ्या भागाचं काम २००९ मध्ये बंद केलं, तेव्हा २००१ च्या खेळासाठी लोकांनी वर्षानुवर्षं बनवलेले मार्ग आणि इंजिनं अडगळीत जायची वेळ आली होती. काही जाणकारांनी मिळून ती जुनी सामग्री वाचू शकेल असा नवा, मोफत आणि मुक्त सिम्युलेटर लिहिला. आज वीस वर्षांपूर्वीचा मार्ग त्यात चालतो, आणि कितीतरी गोष्टी मूळ खेळापेक्षा बारकाईने दाखवतो. कुणीतरी कुठेतरी लावलेलं झाड अजून जागेवर आहे.

मागचा_डबा

मी प्रत्यक्ष इंजिनात काम केलं आहे, आता निवृत्त. नातवाने सिम्युलेटर लावून दिला. तुमच्या हिशोबांत चूक काढण्यासारखं काही नाही, पण एक उणीव सांगतो. गाडी पाठीला आणि बसण्याच्या जागेला कळते. चाक घसरू लागलं की काट्याच्या आधी खुर्ची सांगते. मालगाडीत डबे एकमेकांवर येतात तेव्हा पाठीमागून हलकी ढुशी बसते, त्यावरून गाडी ताणलेली आहे की दबलेली हे समजतं. पडद्यावर ते नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी नातवापेक्षा वाईट थांबवली.

हवेचा ब्रेक मात्र चांगला जमवलाय. लोकांना वाटतं हवा भरली की ब्रेक लागतो. उलट आहे. गाडीभर जाणाऱ्या नळीत साधारण ५ बार दाब असतो. तो उतरवला की ब्रेक लागतो. अर्ध्या बारने उतरवला की पहिली पकड, साडेतीनपर्यंत आणला की पूर्ण. नळी तुटली तरी दाब जातो आणि गाडी आपोआप थांबते, ही त्यातली शहाणपणाची बाजू. पण लांब मालगाडीत शेवटच्या डब्याला ते कळायला वेळ लागतो, आणि ब्रेक सोडल्यावर डब्यांच्या टाक्या पुन्हा भरायला त्याहून जास्त. उतारावर पुन्हा पुन्हा लावत-सोडत राहिलात तर एक वेळ अशी येते की लावायला हवाच उरत नाही. हे आम्हाला वर्गात शिकवलं, मग वरिष्ठांच्या शेजारी बसून शिकलो. नातू तेराव्या वर्षी चुकून शिकला, आणि कुणाला खरचटलं नाही.

तांबडापिवळा

मागचा_डबा, तुमचा प्रतिसाद या धाग्यात आला हे आमचं भाग्य. 'डिरेल व्हॅली' या खेळात मी एकदा डबे जोडले, नळी जोडली आणि नळीचे कॉक, म्हणजे हवेच्या तोट्या, उघडायचे विसरलो. इंजिनाचे ब्रेक लागत होते, डब्यांचे नाही. उतारावर वेग चढत गेला आणि वळणावर सगळं रुळाखाली. आता निघण्याआधी शेवटच्या डब्यापर्यंत चालत जातो, त्या खेळात उतरून चालता येतं म्हणून, आणि एकेक कॉक हाताने तपासतो.

सरळसोट

आठवडाभर गायब होतो. पट्टा बंद केला. अकरा स्टेशनांचा एक मार्ग धरला आणि तोच चालवतोय. पहिल्या दिवशी दुसऱ्याच स्टेशनाला साठ मीटर पुढे गेलो, दोन डबे प्लॅटफॉर्मबाहेर. दुसऱ्या दिवशी घाबरून इतक्या आधी ब्रेक लावला की गाडी रांगत गेली आणि चार मिनिटं उशीर झाला. बोलून सिग्नल म्हणायचं सुरू केलं, त्याचा खरंच उपयोग होतो.

काल सातव्या स्टेशनाला, एका पाण्याच्या टाकीवरून, न बघता ब्रेक लागला. खुणेच्या अर्धा मीटर अलीकडे गाडी उभी. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो, दारं उघडायचंही सुचलं नाही.

एकच अडतंय. थांबताना शेवटी झटका बसतो. खेळ त्याचे गुण कापतो, आणि मलाही तो आवडत नाही. काय करू?

मागचा_डबा

ब्रेक धरून थांबू नका. वेग माणसाच्या चालीइतका उरला की एक एक पायरी सैल करत आणा, म्हणजे गाडी उभी राहते त्या क्षणी ब्रेक जेमतेम टेकलेला असेल. पूर्ण थांबली की मग पुन्हा घट्ट, नाहीतर उतार असेल तर सरकेल. आमचे वरिष्ठ म्हणायचे, उभा प्रवासी हात न धरता राहिला पाहिजे.

सरळसोट

आत्ता करून बघितलं. सैल केल्यामुळे दीड मीटर पुढे गेली, म्हणजे टाकीच्या जरा आधीची खूण शोधायला हवी. पण झटका नाही. अजिबात नाही. पुन्हा पहिल्या स्टेशनापासून निघतो.